प्रौढ मांजराचा गृहप्रवेश

मांजर पाळणें आणि घरांत मांजर असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोलापुरांतील नवी पेठेसारख्या व्यापारी वस्तींत पूर्वीपासून दुसराच प्रकार अधिक. खालीं दुकान, मागें वखार, वर बिऱ्हाड, अशा घरांत उंदरांच्या बंदोबस्तासाठीं एखादें मांजर असावयाचेंच. त्याला कोणी मुद्दाम आणलेलें नसतें आणि त्याच्या देहधर्माची चौकशीही कोणी करीत नाहीं. बोळांत किंवा एखाद्या पडक्या भिंतीआड जाऊन तें आपलें उरकून येतें. परंतु वाडा पडून त्या जागीं मजल्यांवर मजले चढले, किंवा ज्या वृद्ध गृहस्थाच्या पायाशीं तें निजत असे तो मुलाकडे पुण्यास राहावयास गेला, म्हणजे आठदहा वर्षांचें तें जनावर एकाएकीं निराधार होतें. अशा वेळीं एखादें दयाळू कुटुंब त्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरील घरीं घेऊन येतें. पहिले दोन दिवस कौतुकांत जातात. तिसऱ्या दिवशीं घडी घालून ठेवलेल्या सोलापुरी चादरींवर ओल आढळते, घरभर दर्प पसरतो, आणि आठवडा लोटण्यापूर्वींच तें मांजर पुन्हां रस्त्यावर येतें. ह्या खेपेस त्याला ओळखीचा बोळही उरलेला नसतो.

हितोपदेशांतील जरद्गव नांवाच्या गिधाडानें दीर्घकर्ण मांजराला ढोलींत आसरा दिला आणि त्यापायीं स्वतःचे प्राण गमावले. ही गोष्ट शाळेंत शिकलेल्यांना अज्ञातकुलशील मांजराविषयीं संशय वाटला तर नवल नाहीं. वास्तविक पाहतां अशा प्रसंगीं जिवावर बेततें तें बहुधा मांजराच्याच. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितींत सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरतो, हेंही पुष्कळांना ठाऊक नसतें.

मांजराला वाळूंत जावयास शिकवावें लागतें, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाहीं. माणसाळलेल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रुक्ष प्रदेशांतलें रानमांजर. थोडक्या पाण्यावर निभावून नेणें, त्यामुळें मूत्र घट्ट व उग्र असणें, आणि भुसभुशीत जमिनींत खड्डा करून तें झांकून टाकणें, ह्या गोष्टी त्याच्या रक्तांतच आहेत. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका माणसाच्या थडग्याशेजारीं मांजराचा सांगाडा सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. इतक्या दीर्घ सहवासानंतरही हा जुना संस्कार पुसला गेलेला नाहीं. प्रौढ मांजराला जावयाचें कसें तें पक्कें ठाऊक असतें. जावयाचें कोठें, एवढेंच तें नव्या घरांत हरवून बसतें. आणि हें उत्तर तें मुख्यतः नाकानें आणि पायांच्या तळव्यांनीं शोधतें. जन्मभर मातींत गेलेल्या मांजराला गुळगुळीत फरशी परकी वाटते. वखारींत वाढलेलें मांजर गोणपाट दिसतांच तेथें बसतें. म्हणून मांजर आणण्यापूर्वीं तें आजवर कोठें जात होतें, ही चौकशी त्याच्या खाण्याच्या आवडीनिवडीपेक्षां अधिक अगत्याची आहे. शक्य असल्यास त्या जुन्या जागेंतील दोन ओंजळी माती आणि तें ज्यावर निजत असे तें न धुतलेलें फडकें बरोबर आणावें. सासरीं जाणारी मुलगीसुद्धां माहेरची एखादी वस्तु जवळ बाळगते. मांजराची तर सारी ओळख वासावरच अवलंबून.

त्याला आणावयाचें तें पोत्यांत घालून नव्हे. पोतें हें आपल्याकडे मांजर घालवून देण्याचें साधन आहे, आणि त्यांतील अंधार, गुदमर व हिसके ह्यांनीं भेदरलेलें जनावर पुढें कित्येक दिवस माणसाच्या हाताला घाबरतें. झांकणाची वेताची करंडी किंवा जाळीचा पिंजरा घ्यावा व त्यावर चादर टाकावी. घरीं आल्यावर त्याला कडेवर घेऊन सगळें घर दाखवीत हिंडूं नये. पाहुण्याला आपण दिवाणखाना दाखवितों. मांजराला मात्र पहिले दहाबारा दिवस एकच लहान खोली पुरते, नव्हे, तीच हवी असते. तिच्या एका कोपऱ्यांत खाणेंपिणें, समोरच्या कोपऱ्यांत वाळूचा ट्रे, आणि मध्यें कोठें तरी एक पुठ्ठ्याचें खोकें आडवें करून ठेवावें. खोक्याची ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु नेदर्लंड्समधील एका आश्रयगृहांत नव्यानें आलेल्या मांजरांवर झालेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, लपावयास खोकें मिळालेलीं मांजरें तें न मिळालेल्यांपेक्षां लौकर स्थिरावलीं असें दिसून आलें. मांजर खोक्यांत दडून बसलें तर त्याला ओढून काढूं नये. मुलांना हें पटवून देणें हेंच घरांतील वडील माणसांचें अवघड काम.

जवळ बसून वर्तमानपत्र वाचावें, हळू आवाजांत बोलावें, पण टक लावून पाहूं नये. टक लावणें ही मांजरांच्या व्यवहारांत धमकी समजली जाते. त्याच्याकडे पाहून डोळे सावकाश अर्धवट मिटावे आणि उघडावे. ससेक्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, माणसानें असें केल्यास मांजरेंही तसेंच उत्तर देतात व अनोळखी माणसाच्या हाताजवळ अधिक येतात, असें आढळलें. मांजर डोळे मिटून दूध पितें ही म्हण त्याच्या लबाडीवर बेतलेली आहे. त्याच्या मिटत्या डोळ्यांचा हा दुसरा अर्थ म्हणकारांच्या ध्यानांत आला नसावा. दुधाचेंही तसेंच. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं. नव्या घरीं वाडगाभर दूध पाजल्यानें ढाळ लागतो आणि दोष मात्र ट्रेकडे जातो.

आतां ट्रेविषयीं. पूर्वीं लोक राख, माती किंवा वाळू वापरीत. १९४७ सालीं अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील एडवर्ड लो ह्या तरुणाकडे शेजारणीनें मांजरासाठीं वाळू मागितली. त्यानें वाळूऐवजीं कारखान्यांतील सांडलेलें तेल टिपण्यासाठीं विकावयाची शोषक माती दिली, आणि त्यांतून एक मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच बहीण. ओली होतांच गोळा होणारी जी वाळू आज कॅट लिटर म्हणून दुकानांत मिळते ती बहुधा बेंटोनाइट मातीची असते, आणि ह्या मातीचे मोठे साठे आपल्या देशांतच कच्छांत आहेत. ती घ्यावी किंवा न घ्यावी. चाळून, धुवून, उन्हांत वाळविलेली बारीक वाळूही काम देते. मात्र सुगंधी वाळू घेऊं नये. तो सुवास माणसाच्या समाधानासाठीं असतो, मांजराला तो झोंबतो. वाळूचा थर दीडदोन इंच असावा. ज्याला माती ठाऊक आहे त्याच्यासाठीं वर ती जुनी ओंजळभर माती पसरावी आणि आठवडाभरांत ती हळूहळू कमी करावी.

ट्रे लहान घेण्याची चूक फार होते. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जितकी लांबी, तिच्या दीडपट तरी तो लांब असावा. दुकानांत मांजरासाठीं म्हणून मिळणारे पुष्कळ ट्रे ह्या मापांत बसत नाहींत. त्यापेक्षां कपडे ठेवण्याची प्लास्टिकची पसरट पेटी बरी. तिची एक बाजू कापून कड तीन इंचांच्या आंत आणावी व घांसून गुळगुळीत करावी. ह्या कापण्याला कारण आहे. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, बारा वर्षांवरील शंभर मांजरांचीं क्ष-किरण चित्रें तपासलीं असतां नव्वदांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाहीं, कण्हत नाहीं. दुखणें लपविणें हा त्याचा स्वभाव. त्याला कड ओलांडतांना वेदना झाल्या कीं तें ट्रेलाच वेदनेचें ठिकाण समजतें आणि मऊ चादर गांठतें. जो प्रकार घरच्या माणसांना खोडसाळपणा वाटतो, तो कित्येकदां गुडघेदुखीचा असतो. आजोबांसाठीं न्हाणीघरांत दांडी बसविणाऱ्या घराला हें समजणें अवघड नसावें.

ज्या घरांत मोरी आहे तेथें आणखी एक प्रकार संभवतो. कांहीं मांजरें वाळूला न शिवतां मोरीच्या जाळीपाशीं, नेमानें, एकाच जागीं बसतात. त्यांना शहाबादी फरशीची थंड, गुळगुळीत जमीन संवयीची झालेली असते. अशा वेळीं भांडत न बसतां रिकामा ट्रे मोरींतच त्या जागेवर ठेवावा, आणि तो पसंत पडल्यावर रोज एकेक मूठ वाळू टाकीत जावें. गच्चीवर ट्रे ठेवण्याची युक्ति मात्र सोलापुरांत चालावयाची नाहीं. उन्हाळ्यांत दुपारीं तेथील फरशीवर माणसाला अनवाणी उभें राहवत नाहीं, तेथें मांजराचे पंजे काय टिकणार? पाण्याची मोटर किंवा धुण्याचें यंत्र ह्यांच्या शेजारची जागाही टाळावी. नळाला कांहीं दिवसांच्या अंतरानें पाणी येण्याची संवय असलेल्या घरांना रोज ट्रे धुणें परवडणार नाहीं, आणि त्याची जरूरही नाहीं. जुना झारा ह्या कामासाठीं वेगळा काढून ओले गोळे व मळ रोज दोनदां उचलून टाकावे. सगळी वाळू काढून ट्रे धुणें आठपंधरा दिवसांनीं केलें तरी चालतें. घरांत गर्भवती स्त्री असेल तर हें काम दुसऱ्यानें करावें. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म जंतु येऊं शकतो. तो बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास एक ते पांच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज सफाई हाच त्यावर उत्तम तोडगा. ह्या भीतीनें मांजरच घालवून द्यावें असें नाहीं.

भलत्याच जागीं प्रकार घडला तर मांजराचें नाक त्यांत घांसण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती क्रूर आहे, आणि निरुपयोगीही. मांजराला त्यांतून एवढाच बोध होतो कीं ह्या घरांतील माणसें धोक्याचीं आहेत. मग तें कपाटामागें चोरून जातें. जागा आधीं पाण्यानें टिपून घ्यावी, मग एंझाइमयुक्त धुण्याच्या पुडीनें धुवावी व वाळूं द्यावी. वास आपल्याला येईनासा झाला तरी मांजराला येतो, आणि वास आहे तोंवर ती जागा त्याच्या लेखीं संडासच असते. परंतु फिनेल वापरूं नये. फिनॉल जातीचीं द्रव्यें निष्प्रभ करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते, आणि पंजांना लागलेलें फिनेल तें चाटून पोटांत घेतें. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकल्यास झोंबणारा विषारी वायु निघतो. कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवणें हेंही विषच. आणि मांजर मलूल दिसलें म्हणून घरांतील तापाची गोळी देणें तर सर्वांत घातक. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊं शकते.

कांहीं चिन्हें दिसल्यास ट्रेचा विचार सोडून पशुवैद्याकडे जावें. बोका पुन्हां पुन्हां बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंब पडत नाहीं, तर मूत्रमार्ग तुंबला आहे असें समजावें. एकदोन दिवसांत तें जनावर दगावतें, म्हणून रात्रीची सकाळही करूं नये. उतारवयांतील मांजर फार पाणी पिऊं लागलें आणि ट्रेमध्यें मोठमोठे गोळे दिसूं लागले तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असण्याचा संभव आहे. भीतीनें पहिल्या दिवशीं न जेवणें स्वाभाविक, परंतु सलग दोन दिवस अन्नाला तोंड न लावणाऱ्या मांजराच्या, विशेषतः तें लठ्ठ असल्यास, यकृतांत चरबी सांठून जिवाला अपाय होतो. पिसाळीची व इतर लस टोंचण्यासाठीं वैद्याकडे जावयाचेंच असतें. त्याच खेपेस सांधे, दांत व रक्त तपासून घेतल्यास पुढील पुष्कळ घोळ टळतो.

मांजर नेमानें ट्रेमध्यें जाऊं लागलें, खोक्याबाहेर निजूं लागलें, आणि गालानें दाराची चौकट घांसूं लागलें, म्हणजे खोलीचें दार उघडें ठेवावें. बाकीचें घर त्याला एकेका खोलीनें, स्वतःहून पाहूं द्यावें. ट्रे कायमच्या जागीं न्यावयाचा असेल तर तो एकदम न उचलतां रोज हातभर सरकवावा. वाटेंत कोठें चुकल्यास एक मुक्काम मागें यावें. घर दुमजली असल्यास दुसरा ट्रे वरच्या मजल्यावर हवा, कारण जिना चढणें म्हाताऱ्या मांजराला नेहमीं जमतेंच असें नाहीं. निदान महिनाभर त्याला जिन्यावर किंवा रस्त्यावर सोडूं नये. मांजर सात घरें फिरतें म्हणतात. हें मांजर मात्र एकच, आपलें जुनें घर शोधावयास निघेल, आणि तें तर पडलेलें असेल.

संवय लागल्यावरही एखाद्या रात्रीं सगळें बिघडूं शकतें. जानेवारींत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंतील शोभेच्या दारूकामाचे आवाज नवी पेठेंतल्या घरांत स्पष्ट ऐकूं येतात, आणि दिवाळींत तर दाराशींच फटाके. त्या संध्याकाळीं मांजराला लौकर खाऊं घालून पहिल्या खोलींत, त्याच जुन्या खोक्यापाशीं न्यावें; खिडक्या लावाव्या, पंखा सुरू ठेवावा आणि ट्रे जवळच असूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं एखादी चादर भिजलेली आढळली तर ती निमूट धुवावयास टाकावी.