मालाचे लक्षण कसे करावे?

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत गृहोद्योगाची आवड वाढत चालली आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. एके काळी ज्या हातांची चव घरच्या पंगतीपलीकडे जात नसे, त्या हातांची भाजणी, मेतकूट, लोणची आणि दिवाळीचे उटणे आता बरण्यांतून व पुड्यांतून गावोगाव जाऊ लागली आहेत. उद्योग थोडा मूळ धरू लागला म्हणजे त्याला एखादे सुटसुटीत नाव द्यावे आणि ते दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून सरकारदरबारी त्याची नोंद करावी, असे साहजिकच मनात येते. या नोंदीलाच ट्रेडमार्क अथवा व्यापारचिन्हाची नोंदणी म्हणतात. नाव कोणते ठेवावे याचा खल घरोघर चार-चार दिवस चालतो. परंतु त्या नावाखाली कोणता माल विकावयाचा, त्याचे वर्णन करण्यासाठी अर्जात जी जागा असते, ती मात्र घाईघाईने दोन शब्दांत भरली जाते. आमच्या मते अर्जाचा प्राण त्याच जागेत आहे, आणि म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नोंदणीने कोणालाही शब्दाची मालकी मिळत नाही; विशिष्ट मालासाठी तो शब्द चिन्ह म्हणून वापरण्याचा अधिकार मिळतो. आपल्या देशात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९४० साली झाला, त्याच्या जागी १९५८ चा आला, आणि सध्याचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. या तिन्ही कायद्यांत हे तत्त्व कायम राहिले आहे. चिन्ह हे मालाशी जखडलेले असते. सबब अर्जातील मालाचे वर्णन म्हणजे आपल्या हक्काच्या शेताची बांधबंदिस्ती होय. बांध जेथे घातला तेथपर्यंतच शेत आपले.

हे वर्णन करण्यापूर्वी मालाचा वर्ग ठरवावा लागतो. १९५७ साली फ्रान्समधील नीस या शहरी झालेल्या करारान्वये जगातील यच्चयावत मालाची व सेवांची एक वर्गवारी तयार झाली. तीत आज एकंदर ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ मालाचे आणि पुढील ११ सेवांचे. आपले निबंधक कार्यालय हीच वर्गवारी मानते. आम्ही राहतो त्या नव्या मुंबईत अशा वर्गवारीचा एक ढोबळ नमुना रोज पाहावयास मिळतो. वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे पाच बाजार आहेत: फळांचा, भाजीपाल्याचा, कांदा-बटाट्याचा, धान्याचा आणि मसाल्याचा. तेथील हमालालासुद्धा कोणती गोणी कोणत्या आवारात उतरवावयाची हे विचारावे लागत नाही. परंतु बाजाराचे आवार आणि कायद्याचा वर्ग यांत मोठे अंतर आहे. मसाला बाजारात मिरचीपूड आणि सुकामेवा शेजारी शेजारी नांदतात. कायद्याच्या दृष्टीने मिरचीपूड तिसाव्या वर्गातील, तर मनुका-जर्दाळू एकोणतिसाव्या वर्गातील.

आंब्याचेच पाहा. पेटीतील ताजा हापूस एकतिसाव्या वर्गात मोडतो. त्याचा मुरांबा केला की तो एकोणतिसाव्या वर्गात जातो. त्याचा रस पेय म्हणून बाटलीत भरला तर बत्तिसावा वर्ग लागतो, आणि त्याच रसाचे आइस्क्रीम केले तर तिसावा. फळ एक, परंतु संस्कार बदलला की वर्ग बदलला. कैरीचे लोणचे एकोणतिसाव्या वर्गात, तर तोंडी लावण्याची चटणी तिसाव्या वर्गात. फळीवर या दोन बरण्या एकमेकींना टेकून असतात, पण कायद्याच्या घरात त्यांच्या खोल्या निराळ्या! दिवाळीचे उटणे व उदबत्ती हे तिसऱ्या वर्गात, मेणबत्ती चौथ्या वर्गात, आणि आयुर्वेदीय औषध पाचव्या वर्गात.

या वर्गवारीचे सामान्य सूत्र असे की, तयार वस्तू तिच्या उपयोगावरून ओळखावी आणि कच्चा माल तो ज्या द्रव्याचा असेल त्यावरून. तथापि प्रत्येक सूत्राला अपवाद असतातच. आमच्यापासून फार दूर नसलेले पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्तीचा उपयोग एकच, पूजा. परंतु तिचा वर्ग मात्र द्रव्यावरून ठरतो. प्लास्टरची मूर्ती विसाव्या वर्गात, संगमरवराची एकोणिसाव्या, भाजलेल्या मातीची एकविसाव्या, पितळेची सहाव्या आणि चांदीची चौदाव्या. तेव्हा अर्जात नुसते ‘मूर्ती’ एवढेच लिहिणारा मनुष्य पाच दारांपुढे उभा असतो, आणि आपण कोणत्या दाराने आत जाणार हे त्याने सांगितलेलेच नसते.

वर्ग सापडला म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे वर्णन. आमचे सारे आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यात गेले, आणि त्यामुळे हे अर्ज वाचताना आम्हांस वारंवार ‘तर्कसंग्रहा’ची आठवण होते. नैयायिकांनी कोणत्याही वस्तूच्या लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय कशाला म्हणावे? ‘तांबूस रंगाची ती गाय’ असे म्हटले तर पांढरी गाय सुटली, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणारी ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत शिरली, ही अतिव्याप्ती. ‘एका अखंड खुराची ती गाय’ म्हटले तर तशी एकही गाय मिळावयाची नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी, जी सर्व गाईंना असते आणि इतरांना नसते, ती सांगितली म्हणजे लक्षण निर्दोष झाले. ट्रेडमार्कच्या अर्जात मालाचे वर्णन लिहिणे म्हणजे असे निर्दोष लक्षण करणेच होय, आणि तेथेही दोष हेच तीन आहेत.

अव्याप्ती कशी होते ते पाहू. एखादी गृहिणी आज कैरीचे गोड लोणचे विकते, म्हणून ती अर्जात ‘कैरीचे गोड लोणचे’ इतकेच लिहिते. पुढल्या वर्षी लिंबाचे व मिरचीचे लोणचे निघाले की ते बांधाबाहेर पडले. नंतर अर्जात भर घालू म्हणावे, तर नियम आड येतो. मूळ अर्जात नसलेला माल दुरुस्तीच्या वाटेने आत आणता येत नाही. वर्णन कमी करता येते, वाढविता येत नाही. ‘लोणची’ असा एक शब्द लिहिला असता तर काम भागले असते.

अतिव्याप्तीचा मोह याहून मोठा. ‘सर्व प्रकारचे खाद्यपदार्थ’ असे लिहिले म्हणजे सारेच आपले झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रथम तर परीक्षक अशा संदिग्ध वर्णनावर हरकत घेतो. ती चुकली तरी पुढे धोका उरतोच. नोंद झालेल्या मालापैकी ज्यासाठी चिन्ह सतत पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, त्यापुरती नोंद काढून टाकावी असा अर्ज ज्याचे हित त्यात गुंतले आहे त्याला करता येतो. या बाबतीत ‘चारमिनार’चा खटला लक्षात ठेवण्याजोगा आहे. हैदराबादच्या वजीर सुलतान टोबॅको कंपनीने हे चिन्ह ‘तयार तंबाखू’ अशा व्यापक वर्णनाखाली नोंदविले होते, पण प्रत्यक्षात ती सिगारेटच काढीत असे. किवाम व जर्दा विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यास आव्हान दिले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीचा हक्क सिगारेटपुरता आकुंचित झाला. न वापरलेल्या मालावर व्यापक शब्दाच्या आधाराने कायमची मक्तेदारी सांगता येत नाही, हे त्यातील मर्म.

असंभव म्हणजे माल एका वर्गाचा आणि अर्ज दुसऱ्या वर्गात. कैरी हे फळ, म्हणून लोणचे एकतिसाव्या वर्गात घालणाऱ्याच्या हाती काय लागणार? त्या वर्गात लोणचे नाहीच.

वर्ग सारखा म्हणजे माल सारखा, असे मात्र कोणी समजू नये. कर्नाटकच्या सहकारी दूध महासंघाचे ‘नंदिनी’ हे चिन्ह १९८५ पासूनचे. बंगळूरच्या एका उपाहारगृहाने १९८९ पासून ‘नंदिनी’ याच उच्चाराचे नाव किंचित निराळ्या इंग्रजी वर्णलेखनाने वापरले. नोंदणीचा प्रश्न एकोणतीस व तीस या वर्गांत आला. दूध व दुधाचे पदार्थ वगळून उपाहारगृहाला नोंदणी मिळण्यास हरकत नाही, असा निकाल २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. वर्ग ही कार्यालयाच्या सोयीची कपाटे आहेत. तंटा उभा राहिला म्हणजे न्यायाधीश कपाटाचा क्रमांक पाहून थांबत नाहीत, आत कोणती वस्तू ठेवली आहे ते पाहतात. म्हणूनच वर्णन नेमके हवे.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नव्हे. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात सासूबाई लोणची घालतात, थोरली सून मसाले व भाजणी करते आणि धाकटी सून विक्रीचा हिशेब पाहते. त्यांनी आपल्या नावासाठी तिसाव्या वर्गात अर्ज केला आणि मालात ‘मसाले व पिठे’ असे लिहिले. खरी विक्री होती लोणच्यांची. तीच राहून गेली. दोन वर्षांनी चूक उमगून एकोणतिसाव्या वर्गात नवा अर्ज केला, तो त्या नव्या तारखेचा. मध्यंतरी परगावच्या कोणी जवळजवळ तेच नाव लोणच्यांसाठी मागितलेले होते. आता आधीपासूनचा वापर सिद्ध करणे एवढाच मार्ग उरला आहे. कायदा पूर्वीपासूनच्या वापराला मान देतो, पण पुरावा मागतो. सासूबाईंनी कोणत्या घरी कोणत्या तारखेस किती बरण्या दिल्या हे वहीत लिहून ठेवण्याची सवय पंधरा वर्षे पाळली होती. आज त्या हळदीच्या डागांच्या वहीवर त्या घराची सारी भिस्त आहे. निकाल अद्याप लागावयाचा आहे. ज्या नावाने सासूबाईंच्या हातची चव लोक ओळखतात, ते नाव त्यांच्याच बरणीवर राहील की नाही, हा प्रश्न त्या घरात जेवणाच्या पानावरही निघतो.

तेव्हा अर्ज करणाऱ्यांनी पुढील क्रम ठेवावा असे आम्ही सुचवितो. आरंभी घरातील सर्वांनी एकत्र बसून आज काय विकतो आणि नजीकच्या काळात खरोखर काय विकणार, याची यादी करावी. ज्याचा नुसता मनोरथ आहे ते त्यात घालू नये. नंतर प्रत्येक जिनसापुढे तो कशाचा, कोणत्या रूपात आणि कशासाठी, हे एका ओळीत लिहावे. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो. त्यामुळे परक्या परीक्षकाला ‘मेतकूट’ हा शब्द कळेलच असे नाही. तेथे ‘डाळी व तांदूळ भाजून मसाल्यासह दळलेले, भातावर घेण्याचे तोंडीलावणे’ असा अर्थ द्यावा. त्यानंतर निबंधक कार्यालयाच्या मालसूचीत त्याचा वर्ग पाहावा, आणि तेथील रूढ शब्द मिळाल्यास तोच वापरावा. माल बनविणे आणि इतरांचा माल दुकानात विकणे या निराळ्या गोष्टी आहेत. दुकान चालविणे पस्तिसाव्या वर्गात येते, खानावळ त्रेचाळिसाव्या वर्गात आणि पाककलेचे वर्ग चालविणे एकेचाळिसाव्या वर्गात.

अनेक वर्गांसाठी एकच अर्ज चालतो, परंतु शुल्क वर्गागणिक पडते. २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्तीस अथवा लघुउद्योगास संगणकावरून केलेल्या अर्जासाठी दर वर्गास ४,५०० रुपये, तर इतरांस ९,००० रुपये. चार वर्ग घेतले तर अठरा हजार होतात. म्हणून ज्या मालावर घराचे उत्पन्न अवलंबून आहे त्याचा वर्ग आधी घ्यावा; हौसेचे वर्ग मागाहून. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नवी करता येते, तेव्हा हा खर्च एका पिढीच्या हिशेबाने पाहावा. मात्र मालाचे वर्णनच नाव म्हणून मागू नये. ‘हापूस’ हे कोणा एकाचे चिन्ह होऊ शकत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापुसाला २०१८ साली भौगोलिक निर्देशन मिळाले, ते तेथील समस्त बागायतदारांसाठी.

आपल्या घरांत बारशाला नाव मोठ्या थाटाने ठेवतात, आणि पत्रिकेत जन्मवेळ लिहिताना पळा-विपळांचीही चूक होऊ देत नाहीत. तीच दक्षता या अर्जातील दोन ओळींच्या जागेस लाभली, तर पुष्कळ घरांतील भावी तंटे जन्मास येण्यापूर्वीच मिटतील. अर्ज पाठविण्यापूर्वी तो घरातील ज्या व्यक्तीस व्यापारातले काही कळत नाही तिला वाचावयास द्यावा, आणि ‘आपण काय विकतो?’ असे विचारावे. तिने बरोबर उत्तर दिले तर लक्षण निर्दोष झाले असे समजण्यास प्रत्यवाय नाही.