खिशातील गाणी

२००१ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने गाणी ऐकण्याचे ‘आयपॉड’ हे खिशात राहणारे यंत्र काढले. त्यात सुमारे एक हजार गाणी मावत. एवढ्यांतून हवे ते गाणे निवडण्यासाठी त्यावर एक चक्र होते. अंगठ्याने ते फिरविताच पडद्यावरील यादी भराभर सरके.

२००९ साली निघालेल्या ‘आयपॉड शफल’ या चिमुकल्या यंत्रावर ना पडदा होता, ना गाणे बदलण्याची बटणे. गाण्याचे नाव यंत्र बोलून सांगे, ही सोय उत्तम. परंतु बटणे इअरफोनच्या तारेवर होती. दुसरा साधा इअरफोन जोडल्यास गाणे बदलताच येत नसे. २०१० साली बटणे पुन्हा यंत्रावर आली. बोलण्याची सोयही टिकली.

यंत्राची पारख केवळ आकारावरून होत नाही. ते वापरणाऱ्याच्या हाताला सोयीचे असावे लागते.