मोठे इंजिन, छोटी बॅटरी

नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून रायगडकरांच्या ओळखीची आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून पाहायला मिळते. हे सगळे पाहून असे एखादे इंजिन आपल्या घरी असावे, असे कित्येकांना वाटून जाते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, अलिबाग-मुरूडच्या बाजूला छोटी वाडी असली, की ही इच्छा पुन्हा वर येते. छंद म्हणून तो उत्तमच. हात, डोळे आणि डोके यांना एकत्र काम मिळते, नातवंडेही भोवती जमतात.

बागेत धावणाऱ्या मोठ्या इंजिनांचे परिचित माप १:२२.५ हे आहे. मीटरगेजचे रूळ या मापात साधारण ४५ मिलिमीटर अंतरावर येतात. यांतील बहुतेक इंजिनांना वीज रुळांतून मिळते आणि किनाऱ्यावर घोडे तिथेच अडते. खाऱ्या वाऱ्यातील मिठाचे कण धातूवर बसतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. पितळी रूळ काळवंडतात, चाकाचा रुळाशी संपर्क तुटतो आणि इंजिन अडखळते. रूळ वारंवार पुसण्याचा कंटाळा आला, की मंडळी बॅटरीवर व रिमोटवर चालणाऱ्या इंजिनाकडे वळतात. सोय चांगली आहे, पण काही रिमोटमध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असते. घरात लहान मूल असेल तर खरी काळजी तिची करावी लागते.

खेळण्यासारखे, पण खेळणे नव्हे

१४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतात २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मोठ्यांच्या छंदासाठी बनवलेले मॉडेल या नियमात येत नाही. त्यामुळे बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे खरेदी करतानाच पाहावे. पेन्सिल सेलवर चालणारा रिमोट मिळत असेल तर तोच घ्यावा.

रुपयाच्या नाण्याएवढी लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकते. ती फुटावी लागत नाही. ओलसर आवरणातून वीज वाहू लागते, तिथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांतही खोल भाजू शकते. रिमोट चालवण्याइतकी ताकद न उरलेली, 'संपलेली' बॅटरीही हे करू शकते. गिळताना बहुधा कोणी पाहिलेले नसते. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला, उलटी एवढेच दिसते आणि साधा सर्दी-खोकला समजून वेळ जातो. नाकात घातलेली बॅटरीही तितकीच घाईची.

नुसता संशय आला तरी तातडीने एक्स-रे काढावा. त्यात बॅटरीच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला ते नसते. उलटी करवू नये, अन्न-पाणी देऊ नये. बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील, मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर रुग्णालयात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने इजा मंदावते, बॅटरी निघत नाही. मध शोधण्यात वेळ घालवू नये. अडकलेली बॅटरी दुर्बिणीनेच काढावी लागते. मुलांसाठी ही सोय जवळ कुठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, तेव्हा रस्त्याचा वेळ धरावा लागतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. बॅटरी काढल्यानंतरही काही आठवडे रक्तस्रावाचा धोका राहतो. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर लगेच परत न्यावे.

इंजिन लावण्याच्या दिवशी

खोके मुले झोपल्यावर उघडावे. सुट्या बॅटऱ्या व स्क्रू मोजून कुलपात ठेवावेत. जुनी बॅटरी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून वेगळी टाकावी. धुराच्या नळकांड्यात घालायचे तेल पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नये. रॉकेलसारखेच ते चुकून प्यायल्यास फुप्फुसात उतरू शकते, तेव्हाही उलटी करवू नये. मग सपाट रुळावर इंजिन आधी हळू, दोन्ही दिशांनी चालवावे. खेळ संपला की चाके पुसून ते घरात घ्यावे, आणि रिमोट नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर.