गर्भधारणा व वंध्यत्व : तपासणी दोघांचीही हवी

धर्माबादच्या बाजारपेठेत मिरची घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते : झाडावरील प्रत्येक फुलाची मिरची होत नाही. ऊन फार तापले की पराग निर्बल होतो, बीजांडाशी त्याचा संयोग होत नाही व फूल गळते. अशा वेळी शेतकरी पाणी, हवा, खत, कीड या सर्वांची चौकशी करतो. घरात मूल झाले नाही, तर मात्र चौकशीवाचूनच सुनेला दोष दिला जातो. तो किती अन्यायाचा आहे, हे गर्भधारणेची क्रिया समजल्यास ध्यानात येईल.

गर्भधारणा कशी होते ?

पुरुषाचे बीज व स्त्री हे केवळ शेत, ही जुनी समजूत चुकीची आहे. बीज स्त्रीच्या ठायीही असते. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज १८२७ साली फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. स्त्रीच्या बीजकोशातून साधारणतः दर महिन्यास एक बीज बाहेर पडते. पुढील पाळी येण्यापूर्वी सुमारे १४ दिवस ही घटना घडते. हे बीज १२ ते २४ तासच टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. दोहोंचा संयोग बीजवाहिनीत होतो आणि त्यानंतर सुमारे आठवड्याने गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो.

निरोगी जोडप्यासही एका महिन्यात गर्भ राहण्याचा संभव चारपाचांत एक इतकाच असतो. म्हणून दोनचार महिन्यांत दिवस न गेल्यास घाबरण्याचे कारण नाही.

गर्भ का राहत नाही ?

स्त्रीच्या बाबतीत बीज वेळेवर बाहेर न पडणे, थायरॉईड ग्रंथीचा विकार किंवा जंतुसंसर्गाने बीजवाहिन्या बंद होणे ही प्रमुख कारणे होत. आपल्या देशात जननेंद्रियांच्या क्षयरोगानेही त्या बंद पडतात.

पुरुषाच्या बाबतीत शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी असते. वयात आल्यावर झालेले गालगुंड, अंडकोशाजवळील फुगलेल्या शिरा, तंबाखू, मद्य व अति उष्णता यांमुळे असे होऊ शकते. काही कीडनाशकेही घातक ठरली आहेत. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनविणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळून आले. यास्तव फवारणी करताना हातमोजे व तोंडावर आच्छादन वापरावे आणि नंतर स्नान करावे.

सुमारे निम्म्या निपुत्रिक जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे अथवा स्त्रीकडील कारणासह असते. धडधाकट व कष्टाळू पुरुषातही हा दोष असू शकतो. त्याचा पौरुषाशी संबंध नाही.

काय करावे ?

एक वर्ष एकत्र राहूनही गर्भ न राहिल्यास पतिपत्नींनी मिळून वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्त्रीचे वय ३५ हून अधिक असल्यास सहा महिन्यांनीच जावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी, वेदनारहित व अल्प खर्चाची असते. ती आरंभीच करावी. नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून तीव्र तापानंतर तपासणीत उणेपणा दिसल्यास ती काही काळाने पुन्हा करावी. पुढील तपासणीसाठी नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अनेक दोषांवर उपाय आहेत. बीजवाहिन्या बंद असल्यास संयोग शरीराबाहेर घडवून आणता येतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी असे बालक ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मास आले.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे सासूसासऱ्यांना व विशेषतः पतीला समजावून द्यावे. गंडेदोरे व नवस यांत वर्षे गेल्यास उपचाराचा काळ निसटतो. पत्नी हयात असता दुसरे लग्न करण्यास १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी आहे. शिवाय दोष पतीकडे असल्यास दुसऱ्या लग्नानेही पाळणा हलत नाही, केवळ आणखी एका स्त्रीच्या माथी बोल येतो.