बेक्ताशींचे ‘राष्ट्र’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सप्टेंबर २०२४ मध्ये अल्बानियाचे पंतप्रधान एदी रामा यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक योजना मांडली. राजधानी तिरानामध्ये बेक्ताशी या सूफी पंथाला व्हॅटिकनच्या धर्तीवर स्वतःचे सार्वभौम राष्ट्र द्यायचे, अशी ती योजना. तेव्हापासून या पंथाविषयी बरेच काही बोलले जाते आणि त्यातले पुष्कळसे चुकीचे असते.

पहिला गैरसमज असा, की हे राष्ट्र स्थापन झालेच आहे. तसे नाही. ती घोषणा होती. अल्बानियाच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम देशाला एकसंध आणि अविभाज्य म्हणते. त्यामुळे कायद्याची वाट सोपी नाही. प्रस्तावित जागाही जेमतेम ११ हेक्टरांची, म्हणजे व्हॅटिकनच्या चौथाईएवढी.

सूफी म्हणजे सत्तेपासून दूर राहणारे फकीर, हा समज आपल्याकडेही पक्का आहे. दर्गा, उरूस आणि कव्वाली यांपलीकडे आपली नजर सहसा जात नाही. बेक्ताशींचा इतिहास मात्र राजकारणाने भरलेला आहे. तेराव्या शतकातल्या अनातोलियातील हाजी बेक्ताश वली यांना ते आपले पीर मानतात. उस्मानी साम्राज्याच्या जॅनिसरी फौजेचे, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाचे, धर्मगुरू याच पंथाचे होते. १८२६ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने ती फौज मोडली आणि पंथावरही बंदी घातली. त्यांचे अनेक तेक्के, म्हणजे मठ, पाडले गेले आणि कित्येक नक्शबंदी या दुसऱ्या सूफी पंथाच्या हाती गेले. सगळे सूफी एका गोटातले असतात, हे म्हणणे इथेच खोटे ठरते. त्यानंतर अल्बानियन राष्ट्रवादाला याच पंथाने मोठे बळ दिले. १८७८ च्या प्रिझरेन लीग या अल्बानियन राष्ट्रवादी संघटनेतले अब्दुल फ्राशरी आणि त्यांचे कवी बंधू नईम हे बेक्ताशी घराण्यातले. तुर्की प्रजासत्ताकाने १९२५ मध्ये सर्वच सूफी मठ बंद केले, तेव्हा पंथाचे मुख्य पीठ अल्बानियात आले. तिथे १९६७ मध्ये एन्वर होज्जाच्या साम्यवादी राजवटीने धर्मावरच बंदी घातली. पीठ पुन्हा उघडायला १९९१ उजाडले.

हजरत अली आणि बारा इमामांवर शियांप्रमाणे बेक्ताशींचीही श्रद्धा आहे, म्हणून ते इराणचे हस्तक, असाही आरोप होतो. पण श्रद्धेवरून परराष्ट्र धोरण ठरत नाही. सायबर हल्ल्याचा ठपका ठेवून अल्बानियाने २०२२ मध्ये इराणशी राजनैतिक संबंध तोडले आणि त्याच सरकारने दोन वर्षांनी बेक्ताशींना राष्ट्र देऊ केले. तुर्कस्तानचे गणित वेगळे आहे. तिरानातील भव्य नमाजगाह मशीद तुर्की पैशातून उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तुर्की राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बाहेरच्या शक्ती बाल्कनमधल्या इस्लामवर आपला ठसा उमटवू पाहत असताना, मद्य निषिद्ध न मानणारा आणि सहिष्णुतेसाठी ओळखला जाणारा हा पंथ रामांना जगापुढे मांडायला सोयीचा वाटतो, असे मला वाटते.

शिवाय बेक्ताशी म्हणजे अल्बानियाचे बहुसंख्य मुस्लिम नव्हेत. २०२३ च्या जनगणनेत ते पाच टक्क्यांहून थोडे कमी आहेत. देशाच्या सुन्नी मुस्लिम संघटनेने या घोषणेला उघड विरोध केला आहे, आणि तो निव्वळ द्वेष म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. एका पंथाला सार्वभौमत्व देऊन राज्यसंस्थेचा सर्व धर्मांबाबतचा समतोल बिघडेल का, हा प्रश्न रास्तच आहे.

सार्वभौमत्व मिळाले की अल्पसंख्य पंथ सुरक्षित होतो, हा माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज आहे. शेजारच्या उत्तर मॅसिडोनियातील तेतोवो शहरात अराबाती बाबा हा जुना तेक्का आहे. २००२ मध्ये सशस्त्र लोकांनी त्याचा काही भाग बळकावला आणि त्याच्या मालकीचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. तिरानातल्या ११ हेक्टरांनी तेतोवोच्या बाबांना, म्हणजे तिथल्या बेक्ताशी धर्मगुरूंना, संरक्षण मिळणार नाही. त्यांना हवी आहे त्यांच्याच देशातली कायदेशीर मान्यता आणि मालमत्तेचा हक्क, आणि बेक्ताशींच्या हिताची खरी कसोटी तीच आहे.