युलिसीज आणि सोनेरी लोंकर

मावळांतील नवलाख उंबरे हें गांवाचें नांव ऐकतांच पुराणांतील एखादें नगर डोळ्यांपुढें उभें राहतें. उंबऱ्यामागून उंबरा ओलांडीत जाण्याचाच एक खेळ १९८१ सालीं अमेरिकेंत निघाला. ‘युलिसीज अँड द गोल्डन फ्लीस’ हें त्याचें नांव. बॉब डेव्हिस व केन विल्यम्स यांनीं तो ॲपल-टू ह्या घरगुती संगणकाकरितां रचिला. पडद्यावर वर चित्र, खालीं थोडका मजकूर. खेळणारानें एक क्रियापद व एक नाम टंकावयाचें. यंत्रास तो शब्द ठाऊक नसला कीं पाऊल अडलेंच. शब्दांची ही कडक शिस्त आमच्या पंतोजी वाचकांस खचित रुचेल!

कथेविषयीं मात्र आमची तक्रार आहे. सोनेरी लोंकर आणावयास गेला तो जेसन. युलिसीज हा होमरच्या महाकाव्यांतला, ट्रॉयच्या युद्धानंतर दहा वर्षें घरची वाट शोधणारा वीर. ह्या खेळांत लोंकर आणण्याची राजाज्ञा त्यालाच होते. स्यमंतक मण्याच्या शोधार्थ श्रीकृष्णाऐवजीं भीमास धाडावें, तसेंच हें. आमच्या घरीं अशी सरमिसळ झाली, तर माजघरांतून आजी तत्काळ हटकील; पण ज्या मुलास ग्रीक कथा प्रथम ह्या खेळांतच भेटली, त्याला जेसनचें नांव कोणीं सांगावें?