मुलांच्या कण्याला हाड वाढवणारे प्रोटीन हवे का?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे शाळकरी मुलीची पाठ एका बाजूला झुकलेली दिसली की पहिला दोष दप्तराला दिला जातो. दप्तराने पाठ दुखते, पण कणा कायमचा वाकत नाही. वयाच्या दहाव्या वर्षानंतर उंची झपाट्याने वाढताना काही मुलांचा कणा बाजूला वळतो. हा स्कोलिओसिस. बहुतेकांत कारण सापडत नाही. वक्रता ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेली की शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि मग कुटुंब बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबईची वाट धरते. निघण्यापूर्वी कुणीतरी मोबाइलवर वाचलेले असते: हाड वाढवणारे प्रोटीन घातले की मणके लवकर जुळतात. ते महाग असते, म्हणून चांगलेच असणार, असाही समज असतो.

शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळ्यांनी कणा सरळ धरतात. पण धातू हा तात्पुरता आधार. मणके हाडाने एकमेकांना जुळले नाहीत, तर सळी कधीतरी तुटते. म्हणून मणक्यांवर हाडाचा चुरा पसरतात. तो त्याच मणक्यांतून, गरज पडल्यास कमरेच्या हाडातून काढतात.

मार्शल युरिस्ट या अमेरिकी डॉक्टरांनी १९६५ मध्ये दाखवले, की खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले तर तिथेही नवे हाड तयार होते. म्हणजे हाडात एखादे विरजण असले पाहिजे. तेच बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे बीएमपी. त्याच्या प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रकाराला अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ मध्ये परवानगी दिली, तीही प्रौढांच्या कमरेच्या मणक्यांच्या ठरावीक शस्त्रक्रियेपुरती. विरजण भांड्यात राहते. हे प्रोटीन आजूबाजूला पाझरू शकते. मानेच्या शस्त्रक्रियेत वापरल्यावर घसा सुजून श्वास अडल्याच्या घटनांनंतर २००८ मध्ये नियामकाने इशारा दिला. २०१५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांत त्याचा सरसकट वापर करू नये, असे बजावले. नको तिथे हाड वाढणे, द्रव साचणे, सूज येणे हे धोके आहेतच. शिवाय मुलांची हाडे अजून वाढत असतात.

मुळात मुलांचे मणके प्रौढांपेक्षा सहज जुळतात. स्वतःचे हाड किंवा हाडपेढीतले हाड बहुतेकांना पुरते. पूर्वीची शस्त्रक्रिया फसली असेल, किंवा हाड जुळण्यात मोठी अडचण असेल, तर तज्ज्ञ बीएमपीचा विचार करतात. तेव्हा कारण, पर्याय आणि धोके पालकांनी स्पष्ट विचारावेत. विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

त्याहून स्वस्त गोष्ट घरी करता येते. मुलाला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकवावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढत्या वयात वक्रता २५ ते ४० अंशांपर्यंत असताना ब्रेसने ती रोखता येण्याची शक्यता चांगली असते. मात्र तो रोज बरेच तास घालावा लागतो. किनाऱ्यावरच्या घामात मुले तो काढून ठेवतात. आत पातळ सुती बनियन घालावे आणि ते भिजले की बदलावे.